पाठीमागची भिंत

गेली बावीस वर्षं मी पुण्यात रंगकामं घेतोय. ओल वर आली, पोपडे सुटले, एकाच शेडच्या दोन डब्यांतला फरक भिंतीवर दिसला, हे सगळं माझ्याकडे होऊन गेलंय. कोथरूडच्या त्या खोलीसारखं काम मात्र आधी कधी आलं नव्हतं.

तिसरा मजला, दहा बाय अकराची खोली, एकच खिडकी आणि ती पश्चिमेला. ताईंना तिथं बसून घरून काम करायचं होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. टेबल कुठं येणार, ऊन किती वाजता आत येतं, दिवे पांढरे की पिवळे, घरात लहान मुलं आहेत का. "ऑनलाइन तास घेते," एवढं त्या म्हणाल्या आणि तेवढ्यावर मी पुढं गेलो. शेड कार्डातून त्यांनी बिस्किटी रंग निवडला. डाग पुसता यावेत म्हणून हलकी चकाकी असलेलं सॅटिन फिनिश मीच सुचवलं. जुना रंग खरवडला, लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन हात दिले, घासकाम, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. खोली इतकी शांत दिसत होती की निघताना मी दारात उभं राहून पुन्हा एकदा बघून घेतली.

दोन दिवसांनी फोन आला. "दादा, जरा येऊन जाल का? मुलांना माझे हात दिसत नाहीयेत."

मला आधी वाक्यच कळेना. गेल्यावर कळलं. ताई सांकेतिक भाषेच्या दुभाषी. कॉलेजात शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांना कॉमर्सचे तास त्या खुणांनी सांगतात. त्यांनी मला शेजारच्या खोलीत बसवलं, माझ्या मोबाइलवर कॉल लावला आणि बोलायला लागल्या, म्हणजे हातांनी. कुर्ता गडद निळा होता. हात छातीसमोर असताना बोटन् बोट दिसत होतं. ते खांद्याच्या बाजूला, तोंडाशेजारी गेले की भिंतीत विरघळायचे. ताईंचा वर्ण गव्हाळ. बिस्किटी रंग म्हणजे जवळजवळ त्यांच्याच कातडीची छटा मी त्यांच्या पाठीमागं उभी केली होती.

आणि हात वर धरण्यावाचून इलाज नव्हता. मुलं मोबाइलच्या एवढ्याशा चौकटीत बघतात, ओठांची हालचालही बघतात, म्हणून दोन्ही जवळजवळ ठेवावं लागतं. ताईंनी मला एक गोष्ट दाखवली ती अजून डोळ्यासमोर आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा २०२१ सालचा सरकारी शब्दकोश १० हजार शब्दांचा आहे, तरी वर्गात इंग्रजी संज्ञा आल्या की बऱ्याच वेळा अक्षरं लावावी लागतात. ती लिपी दोन हातांची. एका हाताची तर्जनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या टोकाला लावली की ए, तर्जनीला ई, मधल्या बोटाला आय, अनामिकेला ओ, करंगळीला यू. पाचही स्वर पाच बोटांच्या टोकांवर. बोटं एकमेकांपासून आणि भिंतीपासून सुटी दिसली नाहीत, तर ई कुठला आणि आय कुठला?

दुपारी आणखी एक दोष उघडा पडला. साडेचारच्या सुमारास ऊन भिंतीवर तिरकं आलं आणि सॅटिनवर चकाकीचा लांब पट्टा उमटला. लांबीत राहिलेली किंचितशी लाटही त्यात दिसायला लागली. शिवाय मागं असा उजेड आला की कॅमेरा आपणहून एकूण उजेड कमी करतो आणि समोरचं माणूस काळवंडतं. मी हॅलोजन लावून भिंत तपासली होती, पण त्यांच्या खुर्चीच्या बाजूनं. कॅमेऱ्याच्या जागेवरून एकदाही बघितली नव्हती.

"बॅकग्राउंड बदलणारं सॉफ्टवेअर असतं ना?" मी विचारलं. ते त्यांनी करून बघितलं होतं. हात वेगानं हलला की ते बोटंच खातं.

मला फार वाईट वाटलं. मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी म्हटलं, "रंगाचे पैसे तुम्ही द्या, मजुरी माझी. पण आता शेड आपण दोघांनी ठरवायची नाही, बघणाऱ्यानं ठरवायची." ताईंचा एक विद्यार्थी साताऱ्याला राहतो. तो तयार झाला.

दुकानातून तीन शेडचे छोटे डबे करून घेतले. हार्डबोर्डचे तीन मोठे तुकडे आणले, प्रायमर मारून त्यावर मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगाचे दोन-दोन हात दिले. कार्डावरच्या दोन इंचांच्या चौकोनावर माझा भरवसा नाही, मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त अंगावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला, अशा तीन वेळा माझा कारागीर एकेक बोर्ड धरून ताईंच्या मागं उभा राहिला आणि साताऱ्याचा मुलगा तिकडून बघत राहिला.

गडद निळ्यावर हात उठून दिसले, पण कुर्ता आणि केस भिंतीत गेले. मागचा अंधार बघून कॅमेऱ्यानं उजेड वाढवला, मग तळवे पांढरेफटक. राखाडी सकाळी उत्तम होता. पाचच्या पिवळ्या उन्हात तोच मातकट झाला आणि पुन्हा बिस्किटाच्या वाटेला लागला. तिसरा होता धुरकट, राखाडीकडे झुकणारा मध्यम निळा. माणसाच्या कातडीत कुठलीही छटा असो, तांबूस-पिवळा अंश असतोच, त्यामुळं निळ्यापासून ती सुटी दिसते. पाच वाजताही त्या बोर्डावर हात हातच राहिले. मुलानं स्क्रीनवर काही खुणा केल्या. ताई हसल्या आणि मला म्हणाल्या, "म्हणतोय, आता करंगळी दिसते."

मग काम सोपं होतं. फक्त पाठीमागचीच भिंत बदलायची. सॅटिनवर नवा रंग थेट मारला तर धरत नाही, म्हणून आधी सगळी भिंत पॉलिश पेपरनं घासून चकाकी घालवली, धूळ पुसली आणि लाटेच्या जागी बारीक लांबी ओढून पुन्हा घासलं. लांबीवर प्रायमर, मग मॅटचे दोन हात, मध्ये चार तास. भिंत पंचाण्णव चौरस फुटांची, दोन लिटर पुरले. दोन्ही डबे आधी एका बादलीत एकत्र करून घेतले. मॅट पुसायला अवघड, खुर्चीची पाठ घासून डाग पडणार हे ताईंना स्पष्ट सांगितलं आणि खुर्चीच्या उंचीला लाकडी पट्टी मारून दिली. ती कॅमेऱ्याच्या चौकटीखाली राहते.

ताईंच्या समोरची, म्हणजे लॅपटॉपच्या मागची भिंत त्यांना पोपटी हवी होती, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. मी अडवलं. त्या भिंतीवरून परतलेला उजेड थेट चेहऱ्यावर पडतो, चेहरा हिरवट दिसला असता. तिला मोत्यासारखा पांढरा दिला. उरलेल्या दोन भिंती बिस्किटीच राहिल्या, खिडकीला जाड पडदा आला.

शेवटचा हात वाळल्यावर कारागीर सामान आवरत होता. मी कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलनं शेड नंबर, फिनिश आणि तारीख लिहिली, उद्या टचअप लागलं तर हाताशी असावं म्हणून. आतल्या बाजूला ताईंचा तास सुरू झाला होता. मी ब्रश धुवायचे थांबवून दारातून बघितलं. कसला तरी मोठा शब्द असावा, त्या एकेक बोटाला तर्जनी लावत होत्या.