सोळाव्या जागेवरचे तिसरे गुणसूत्र

वहिनीचा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, तेव्हा ती ३८ वर्षांची होती. घरी भेटायला येणारी प्रत्येक बाई हलक्या आवाजात तेच विचारी: पपई खाल्लीस का, जड काही उचललेस का? वहिनी एकेक दिवस आठवून उत्तरे देत राहिली आणि मला ते ऐकवत नव्हते.

पुढे गर्भाच्या पेशींचा तपासणी अहवाल आला. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गुणसूत्रे जोडीजोडीने मांडलेली होती. सोळाव्या जागेवर मात्र दोनऐवजी तीन होती. गर्भपातांत सर्वाधिक आढळणारे जादा गुणसूत्र हेच, आणि ते जवळजवळ नेहमी स्त्रीबीजाच्या पहिल्या विभाजनात चुकून मागे राहिलेले असते. सुरुवातीच्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांचाच बिघाड असतो, हे त्या भेटायला येणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

स्त्रीबीजाचे अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते, जन्माआधी अर्ध्यावर थांबते आणि थेट ते बीज अंडाशयातून बाहेर पडण्याच्या वेळी, म्हणजे कधी पंधरा तर कधी चाळीस वर्षांनी, पुढे सरकते. एवढा काळ गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवतात ती कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की ही कडी जन्माआधीच बसवली जातात आणि पुढे त्यांची झीज भरून निघत नाही. पकड सैल झाली, की जोडीतले जे गुणसूत्र बाहेर टाकल्या जाणाऱ्या छोट्या पेशीत जायला हवे, ते बीजातच राहून जाते. त्यात मानवी स्त्रीबीजात गुणसूत्रांना ओढणाऱ्या तंतूंची रचना पूर्ण व्हायला सुमारे १६ तास लागतात आणि ती मधूनमधून डळमळते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

अशाच जादा गुणसूत्रामुळे होणाऱ्या डाउन सिंड्रोमचा संबंध वडिलांच्या नव्हे, तर आईच्या वयाशी आहे, हे ब्रिटिश संशोधक लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. त्यामागचे एकविसावे जादा गुणसूत्र १९५९ मध्ये सापडले. मात्र वयाशी संबंध असणे आणि आईची चूक असणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर डॉक्टरांनी अहवाल हातात देतानाच समजावून सांगायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

वहिनीने सोळाव्या जागेवर बोट ठेवून विचारले, "म्हणजे हे बीज मी आईच्या पोटात असल्यापासून माझ्याजवळ होते?" मी हो म्हणाले. शेजारी बसलेल्या तिच्या आईने तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिला. त्यानंतर पपईचा विषय त्यांनी काढला नाही.