मनी प्लांट कापायला मामाच यावा लागला

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीशी एक मनी प्लांट आहे, सात वर्षांचा, आणि मागच्या वर्षीपर्यंत तो म्हणजे नुसती दोरी झाला होता. कुंडीतून निघून पडद्याच्या रॉडवरून टीव्हीच्या मागे, तिथून थेट किचनच्या दारापर्यंत, आणि एवढ्या लांबीत पानं किती तर टोकाला सहा-सात. मधली वेल सगळी उघडी. तरी कापायचा धीर होत नव्हता, कारण आईचं ठाम म्हणणं की मनी प्लांटला कात्री लावली की लक्ष्मी जाते, आणि मलाही त्या टोकाच्या सुरळी झालेल्या कोवळ्या पानाचा फार लळा, रोज सकाळी ब्रश करताना ते कालपेक्षा किती उलगडलं ते बघायचे.

दिवाळीनंतर मामा आला. मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. चहाचा कप हातात तसाच घेऊन वेलीपाशी गेला आणि बोटाने चाचपत म्हणाला, "हा बघ डोळा. हा डोळा. हा पण डोळा. एवढे डोळे नुसते झोपवून ठेवलेत गं. शेंडा मार, बगलफुटी येतात का नाही बघ." (डोळा म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा, बगलफुटी म्हणजे बाजूने येणारे फुटवे.) मी लगेच कात्री आणायला उठले तर म्हणे, आत्ता नको, थंडी जाऊ दे.

ते पटलंच. मुळात हे झाड प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचं, बारा महिने उबेत राहणारं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो, घरात तेवढं गार नसतं पण वेल थबकतेच. आणि नेमकं त्याच दिवसांत मी उन्हाळ्यासारखं रोज पाणी घालत होते. फेब्रुवारीच्या शेवटी कुंडी पालथी केली तेव्हा गटारासारखा वास आला, अर्धी मुळं तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढली की साल हातात आणि आत नुसता दोरा. मला खूप वाईट वाटलं. सात वर्षं जिवापाड जपलेलं झाड आणि मीच त्याला बुडवत होते.

सडकी मुळं काढून टाकली, नवीन मातीत अर्धं कोकोपीट, थोडी जाडी वाळू आणि गांडूळखत घातलं. आता बोट दोन पेरं मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. एप्रिल-मेमध्ये चार दिवसांनी लागतं, थंडीत बारा-पंधरा दिवस लागत नाही.

मग कात्री. प्रत्येक पानाच्या देठापाशी वेलीला एक कडं असतं, तिथेच एका बाजूला तपकिरी फोडासारखं टोक आलेलं असतं, ते मूळ. त्याच्या अर्धा इंच खाली कापायचं, त्या कड्यावरचा डोळा तुकड्यात आला पाहिजे, नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं येतील पण वेल कधीच होणार नाही. बिनपानाच्या दोरीचे पण तुकडे केले, तेही फुटतात. शेंडा जाग्यावर असतो तोपर्यंत त्याच्याकडून ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाली येत राहतं आणि खालचे डोळे दबून राहतात, शेंडा गेला की ते सुटतात. बाटल्यांमध्ये मुळं बोटभर झाल्यावर आठ-नऊ तुकडे त्याच कुंडीत परत लावले. (चीक हाताला लागला तर खाज येते, हे अळूच्याच घराण्यातलं आहे, मांजर असेल तर वेल उंच ठेवा.)

आणखी एक, वेल खाली लोंबकळत सोडली की पानं बारीक राहतात, आधाराला चढवली की मोठी होतात. जंगलात झाडावर चढली तर दोन-दोन फुटी, फाटलेली पानं येतात. म्हणून आता मॉस स्टिक (शेवाळ गुंडाळलेली काठी) लावलीये आणि ती ओली ठेवते, मुळं तिला घट्ट चिकटलीत.

आणि ह्याला फूल का येत नाही माहितीये? माणसांनी लावलेल्या वेलीला १९६४ नंतर आपोआप फूल आल्याची नोंदच नाही, २०१६ च्या एका अभ्यासात कळलं की ह्याला स्वतःचं जिबरेलिन हे संप्रेरक नीट बनवता येत नाही, बाहेरून फवारलं तर फूल येतं. हे मामाला फोनवर सांगितलं तर एकदम खूश, "अगं म्हणजे आमचं जीए, जिबरेलिक ॲसिडच की! आम्ही घड बुडवतो त्याच्यात." फूल नाही तर बी नाही, म्हणजे घरोघरचे मनी प्लांट हे कुणीतरी कुणालातरी कापून दिलेलेच. हे ऐकल्यावर आईने स्वतः शेजारच्या काकूंना दोन तुकडे नेऊन दिले.

मामाने पण एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून नेला होता. आता फोन आला की आधी बागेचं, पावसाचं, बाजारभावाचं सगळं सांगून होतं आणि ठेवता ठेवता म्हणतो, "तुझ्या वेलीला तिसरा डोळा फुटला बरं का."