भाच्याचा पिवळा मीटर

रविवारी सकाळी भाचा बडोद्यात दांडिया बाजारात माझ्याकडे आला, तो व्होल्टेज-करंट मोजायचा नवा मल्टिमीटर दाखवायलाच. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीटर पिवळा, अडीचशे रुपयांचा. "मावशी, तुझ्या सॉकेटमध्ये किती अँपिअर आहेत ते मोजून दाखवतो," म्हणाला आणि लाल लीड (मोजायची वायर) मीटरवरच्या 10 अँपिअरच्या जॅकमध्ये, म्हणजे भोकात, खोचून सॉकेटकडे वळला. मी चहा तसाच ठेवला आणि त्याचं मनगट धरलं.

हे त्याला एका व्हिडिओनं शिकवलं होतं. सॉकेटमध्ये अँपिअर साठवून ठेवलेले नसतात, लोड लावाल तेवढा करंट वाहतो. अँपिअरवर लावलेला मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार. ती फेज आणि न्यूट्रलमध्ये घातली की शॉर्टसर्किट होतं, तेही आपल्या मुठीत. त्यात त्याचा तो जॅक फक्त डीसीचा, आणि घरातली वीज एसी.

मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी 26 वर्षं टेस्टिंगला होते. तिथं एका सहकाऱ्यानं कंट्रोल सर्किटचा करंट मोजला, लीड अँपिअरच्या जॅकमध्येच राहिली आणि पुढच्या मिनिटाला त्यानं व्होल्टेज बघायला तोच मीटर 415 व्होल्टच्या पॅनेलला लावला. मीटर त्याच्या हातात फुटला. तळहात बरा व्हायला दोन महिने गेले. तो आवाज मला अजून आठवतो, म्हणून हे लिहायला बसले.

पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून आम्ही पिवळा मीटर उघडला. मिलिअँपिअरच्या वाटेवर एक छोटा काचेचा फ्यूज. 10 अँपिअरच्या वाटेवर फ्यूजच नाही, नुसता जाड तारेचा तुकडा. जॅकशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' असं छापलेलंही होतं. आणि दर्शनी भागावर ठळक अक्षरांत 'कॅट थ्री 600 व्होल्ट'.

या कॅटचा अर्थ दुकानदारही नीट सांगत नाहीत. सॉकेटला लावलेल्या उपकरणांसाठी कॅट टू, घरातली पक्की वायरिंग आणि डीबीसाठी (स्विच-एमसीबीची मुख्य पेटी) कॅट थ्री, बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस लाइनसाठी कॅट फोर. लाइनवर क्षणभर उसळणारं व्होल्टेज मीटरनं सोसलं पाहिजे, त्याचा हा दर्जा. 1000 व्होल्ट कॅट टू आणि 600 व्होल्ट कॅट थ्री, दोन्हींची चाचणी 6000 व्होल्टच्या धक्क्यानं होते. मग 1000 चा मोठा आकडा घेतला तर काय बिघडलं, असं भाच्यानं विचारलं. चांगला प्रश्न. कॅट टूच्या चाचणीत धक्क्यामागे 12 ओहमचा अडथळा असतो, कॅट थ्रीत फक्त 2 चा. भागाकार करा: एकीकडे 500 अँपिअर, दुसरीकडे 3000. डीबीजवळ वायरचा अडथळा कमी, म्हणून तिथली ठिणगी विझत नाही, पेटत राहते.

फ्यूजचंही तसंच. साध्या काचेच्या फ्यूजची करंट तोडायची खात्री बऱ्याचदा 35 अँपिअरपर्यंतच असते. तुमच्या एमसीबीवर (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) चौकटीत 6000 किंवा 10000 लिहिलेलं दिसेल. शॉर्टमध्ये किती अँपिअर तोडायची तयारी ठेवावी लागते, याचा अंदाज त्यावरून येतो. एचआरसी, म्हणजे मोठा करंट तोडू शकणाऱ्या, फ्यूजमध्ये वाळू भरलेली असते, ती वितळून आर्क (पेटती ठिणगी) विझवते. म्हणून मीटर घेताना मी पहिल्यांदा मॅन्युअलमधलं फ्यूजचं पान काढते. दोन्ही करंट जॅकना एचआरसी फ्यूज हवा, आणि त्याचं व्होल्टेज मीटरवरच्या आकड्याहून कमी नको. फ्लूक कंपनीचा महागडा मीटर सगळ्यांना परवडत नाही. ऋषभ, मोटवाने, मेको हेही पाहा, पण नाव बघून घेऊ नका, त्या मॉडेलचं मॅन्युअल वाचा. मीटरवरची सीई ही खूण म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतःच केलेली घोषणा. यूएल किंवा टीयूव्ही या बाहेरच्या तपासणी संस्थांची खूण असेल तर त्यांच्याच साइटवर नंबर जुळवून बघा.

आमचे ट्रान्सफॉर्मर इम्पल्स टेस्टसाठी, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक धक्का देऊन तपासायला, मकरपुऱ्यातच एर्डा या चाचणी संस्थेत जायचे. नेमप्लेटवर आम्ही काय छापलंय याला तिथं किंमत नव्हती, टेस्टमध्ये टिकला तर टिकला. व्हिडिओतल्या सल्ल्यालाही मी हाच न्याय लावते. "मी दहा वर्षं हाच मीटर वापरतो, काही झालं नाही," ही टेस्ट नव्हे. त्या दहा वर्षांत त्याच्या लाइनवर धक्का आला नाही, एवढंच त्यातून कळतं. कुठं वापरायचं आणि कुठं नाही, हे जो सांगत नाही त्याचं मी ऐकत नाही. फ्यूजच्या जागी तार लावायला सांगितली की व्हिडिओ तिथंच बंद. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट मीटरनं मोजायला सांगणारे तर मला फार धोकादायक वाटतात. तिथं 2000 व्होल्टच्या आसपास असतात, घरगुती मीटर 600 किंवा 1000 चा, आणि ओव्हन बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो.

दुपारी भाच्याला एक सवय लावली. वायर मेलेली आहे का बघायची तर मीटर आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग त्या वायरवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधेच मीटर बिघडला किंवा लीड तुटली तर जिवंत वायरसुद्धा शून्य दाखवते. ही मोजणी त्यानं माझ्या जुन्या मीटरवर चार वेळा करून दाखवली.

पिवळा मीटर टाकून दिला नाही. त्याच्या 10 अँपिअरच्या जॅकमध्ये एम-सील भरलं. पेन्सिल सेल आणि छोटी सर्किट जुळवायच्या ब्रेडबोर्डला तो चालेल. दुसरा घ्यायला शनिवारी रावपुऱ्यात जायचं आहे. तीन मॉडेलची मॅन्युअलं त्यानं आधीच उतरवून घेतली आहेत, आणि काल रात्री त्यातल्या एकाच्या फ्यूजच्या पानाचा फोटो पाठवून विचारलं, "मावशी, हा 1000 व्होल्टचा आहे, बरोबर ना?"