नेहमीची ट्यूब

मे महिन्यातली दुपार. बार्शीत त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही नसतं. मी मेडिकलमध्ये पंख्याखाली हिशेब करत बसलो होतो. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक ताई आली. ओळखीचीच.

"दादा, ती नेहमीची ट्यूब द्या. दोन द्या, पोरीलाबी लागती."

हात कपाटाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तिनं घाम पुसायला स्कार्फ खाली केला. दोन्ही गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल. त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेघा, हनुवटीवर पुरळ, कानशिलापाशी दाट लव. मी बघतोय म्हटल्यावर तीच म्हणाली, "चुलीपुढं बसवत न्हाई. तोंड पेटतंय. ट्यूब थांबवली की अजून आग होती, म्हणून लावती."

तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन ती पहिल्यांदा आली होती. धाकट्याच्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं: फक्त डागांवर, रात्री, आठ आठवडे, मग दाखवणे. मी तिला ते वाचूनही दाखवलं होतं. पुढं चिठ्ठी कधी आली नाही आणि मीही मागितली नाही.

उधारीची वही काढली. एका वर्षात तिच्या नावावर तेवीस ट्यूबा! पंधरा ग्रॅमची एक ट्यूब नुसत्या डागांवर वाटाण्याएवढी लावली तर महिना-दीड महिना सहज जाते. म्हणजे मायलेकी ती स्नोसारखी तोंडभर चोपडत होत्या. पोरगी एकोणीस वर्षांची, तिला वांगाचा पत्ताच नव्हता. स्थळं बघायला सुरुवात झाली होती, एवढंच कारण.

या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात. हायड्रोक्विनोन २ टक्के, ते त्वचेतला रंग तयार होणं रोखतं. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, ते वरची कातडी लवकर बदलवतं. आणि मोमेटासोन ०.१ टक्का, म्हणजे स्टिरॉइड. पहिल्या दोघांनी होणारी चुरचुर ते दाबून ठेवतं. खरी गोम तिथंच आहे. स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, आठवड्याभरात चेहरा उजळ दिसतो, शेजारीण विचारते काय लावतेस. महिनोन्‌महिने लावत गेलं की कातडी पातळ होते, त्याच रक्तवाहिन्या फुगून वर दिसायला लागतात, आणि एकदम सोडलं की चेहरा उलटून पेटतो. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं लावायची वस्तू नव्हे. कधी कधी त्यानंच निळसर काळे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. खोक्यावर लाल उभी रेघ आहे, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलंय. तरी तेवीस.

"आज देणार नाही," म्हटलं, तर ती चिडली. "उधारी वाढली म्हणून का? रोख देते की!"

मी तिच्यासमोरच सोलापूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मनानं काही करू नका, दोघींना पाठवा. सत्तर किलोमीटर, त्यात एक दिवसाची मजुरी बुडणार. तरी गेल्या. पोरीचं थोडक्यात निभावलं. आईला जळजळ उतरवायला वेगळं मलम आणि पोटातून कॅप्सूल दिल्या, पहिले काही आठवडे त्रास वाढेल असं बजावूनही सांगितलं. तो वाढलाच. तिसऱ्या आठवड्यात सुजलेलं तोंड घेऊन ती दुकानात उभी राहिली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला बोलली. मी ऐकून घेतलं. माझ्याकडं सांगण्यासारखं होतं काय?

चार-पाच महिन्यांनी लाली ओसरली आणि खालून वांग परत वर आले, होते तिथंच. डॉक्टरांनी मग स्टिरॉइड नसलेलं अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं क्रीम दिलं. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलं. त्यानंही वांग वाढतात, आणि तिच्या चालू होत्या. शिवाय रोज सनस्क्रीन, तीही रंगाची छटा असलेली, कारण नुसत्या उजेडानंही वांग गडद होतात. ती सनस्क्रीन तीर्थासारखी थेंबभर लावायची. दोन बोटांवर दोन लांब रेघा काढून मी माप दाखवलं, तर म्हणाली, "एवढं तर आम्ही भाकरीला तेल लावत न्हाई." सोयाबीन खुरपायला मात्र आता टोपी घालून वर पदर घेते.

दिवाळीनंतर पोरगी एकटीच आली. काउंटरवर एक पांढरी डबी ठेवली. पार्लरमधून आणलेली. मी उलटून पाहिली: ना कंपनी, ना बॅच नंबर, ना तारीख. अकोल्याची बातमी आठवली. एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच एका क्रीमनं सुजल्या होत्या, मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. तिला ते सांगितलं. ती गप्प झाली.

"मग काय लावू? रविवारी पाहुणे यायलेत."

मी साधी सनस्क्रीन पुढं केली.

"हिनं गोरी होते का?"

"नाही."

तिनं खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. "लाल रेघ न्हाई ना हिच्यावर?" म्हणाली, आणि पर्समधून पैसे काढले.