शोनाऊच्या तारा

जर्मनीत फ्रायबुर्गला येऊन तीन वर्षं झाली, पण शोनाऊला जायचा योग आत्ता आला. ब्लॅक फॉरेस्टमधला घाट ओलांडून बस खाली उतरते, तिथे वीझे नदीकाठी जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव आहे. इथल्या चर्चच्या छपरावर सोलर पॅनेल आहेत. ती बघायला बरेच जण येतात. मला मात्र विजेच्या तारा बघायच्या होत्या, कारण त्या गावकऱ्यांच्या मालकीच्या आहेत.

1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि पावसाबरोबर किरणोत्सर्ग इथल्या मातीतही उतरला. मुलांना अंगणात सोडायचं की नाही, या काळजीतून काही आईवडील एकत्र आले. त्यांत पाच मुलांची आई उर्सुला स्लाडेक आणि गावात डॉक्टरकी करणारे त्यांचे पती मिखाएल होते. अणुवीज नको म्हणायचं तर आधी आपली वीज कमी लागली पाहिजे, म्हणून या मंडळींनी घरोघरी वीज वाचवायच्या स्पर्धा लावल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. घरचं मीटर वाचायला तज्ज्ञ लागत नाही, आजीसुद्धा भाग घेऊ शकते.

पण विजेचा स्थिर आकार मोठा आणि युनिट स्वस्त, त्यामुळे वाचवणाऱ्याच्या पदरात फारसं पडेना. दर बदला म्हणून विनवलं, तर वीजकंपनी ऐकेना. उलट गावाशी असलेला वीजपुरवठ्याचा करार मुदतीआधीच वाढवून घेण्यासाठी तिने गावाला 1 लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देऊ केले. तेवढीच रक्कम लोकांनी स्वतः उभी करायची तयारी दाखवली आणि शेवटी वीजजाळं कोणाच्या हाती असावं यावर सार्वमत मागितलं. 1991 आणि 1996 असं दोनदा गाव मतदानाला गेलं. दोन्ही वेळा हे लोक जिंकले, पण दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात. जवळजवळ निम्मं गाव विरोधात, आणि रोज एकाच रस्त्यावर गाठ पडणार! ते दिवस सोपे नसणार.

कंपनीने तारांची किंमत सांगितली 87 लाख मार्क. देशभरातून वर्गणी आली आणि 1997 च्या जुलैत वीजजाळं गावकऱ्यांच्या कंपनीकडे आलं. 2009 मध्ये तिची सहकारी संस्था झाली. आज देशभरातले ग्राहक तिच्याकडून वीज घेतात, आणि बिलातला थोडा वाटा लोकांच्या छोट्या सौरप्रकल्पांना जातो.

‘सहकारी’ हा शब्द ऐकला आणि मला घर आठवलं. आमच्या श्रीरामपूरकडे 2011 पर्यंत मुळा-प्रवरा ही सहकारी संस्थाच वीज द्यायची. लहानपणी बिल तिचंच यायचं, पण या तारा आपल्या आहेत असं मला कधी वाटलं नाही. आज त्याची खंत वाटते.

रात्री आईला फोन करून मीटरचा आकडा लिहून ठेवायला सांगितलं. शेजारच्या काकूही लिहिणार आहेत. दिवाळीत आले की दोन्ही वह्या घेऊन बसू.