तुम्ही विचारलंत म्हणून: लिमयांच्या भाषणांनी शेवटी झालं काय?

लग्नाच्या पंगतीत, बार रूममध्ये, एकदा तर मयतीहून परतताना गाडीतसुद्धा हा प्रश्न माझ्या मागे आलाय. "वकीलसाहेब, तुम्ही उठताबसता मधु लिमये सांगता. पण गृहखात्यावर ते लोकसभेत एवढं बोलले, भांडले, त्यातून झालं काय? एक तरी कायदा अडला का?" मधु लिमये म्हणजे विरोधी बाकांवरचे समाजवादी खासदार. विचारणारा बहुतेक वेळा हसतच विचारतो. उत्तर त्याच्याकडे तयार असतं, माझं फक्त तोंड बघायचं असतं.

त्याच्याच पाठीला पाठ लावून येणारा दुसरा प्रश्न म्हणजे आपल्या राजापूर मतदारसंघाने नाथ पै दिले, मधु दंडवते दिले, मग बिहारमधल्या मुंगेर नि बांक्यातून निवडून येणाऱ्या या पुण्याच्या माणसाला मी का धरून बसलोय. याचं उत्तर सोपं आहे. नाथ पैंचं भाषण ऐकलेली माणसं अजून त्या आवाजाबद्दल बोलतात. लिमयांच्या आवाजाबद्दल कुणी बोलत नाही. ते उभे राहायचे ते नियम क्रमांक घेऊन आणि बसायचे ते कलम सांगून. माझं पोट कलमांवर चालतं, म्हणून लिमये. आणि आणीबाणीनंतरचं जनता सरकार कुणी पाडलं, हे विचारणार असाल तर मी आत्ताच उठतो. तो वाद तुम्हालाही पाठ आहे, मलाही.

तर गृहखातं. नोव्हेंबर १९६६ ते जून १९७० यशवंतराव चव्हाण गृहमंत्री होते. १९६७ च्या लोकसभेत त्यांच्या समोरच्या बाकांवर कोण होतं बघा: नाथ पै, लिमये, एस. एम. जोशी, डांगे, जॉर्ज फर्नांडिस. देशाच्या पोलिसांवरचा वाद, पण निम्मी माणसं एकमेकांच्या गावची पाहुणी. विषय मात्र पाहुणचाराचे नव्हते. १९६७ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आला, तोच यूएपीए, ज्याचं नाव आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगालचं अजय मुखर्जींचं सरकार राज्यपालांनी बडतर्फ केलं, तेव्हा अविश्वासाचा ठराव लिमयांनी मांडला. सप्टेंबर १९६८ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप मोडायला अध्यादेश निघाला, मग त्याचा कायदा झाला. आणि या सगळ्याच्या मागे कायमचा बसलेला प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवण्याचा कायदा. १९५० मध्ये सरदार पटेलांनी तो एका वर्षापुरता आणला होता, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची मुदत वाढतच गेली.

या चर्चांचे जुने खंड मी वाचतो. आता ते संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात. पानांना नंबर नसतात, रकान्यांना असतात. इंग्रजीच्या ओळीमागून ओळी, आणि मध्येच लिमयांचं हिंदी देवनागरीत, जसंच्या तसं. चर्चा संपली की एकेक कलम मताला. विरोधकांची दुरुस्ती, नामंजूर. पुढची दुरुस्ती, नामंजूर. वाचता वाचता अंगठा दुखायला लागतो, पण 'नामंजूर' काही संपत नाही.

मी लॉ कॉलेजात होतो तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, स्थानबद्धतेचाच नवा अवतार, नुकताच झाला होता. तेव्हा मी छाती ठोकून म्हणायचो की लोकसभेतलं विरोधकाचं भाषण ही सरकारला मिळणारी फुकटची शोभा आहे. कायदा करायचा तो करतातच, वर सांगायला मोकळे की बघा, आम्ही सहा तास चर्चा होऊ दिली. भाषण जितकं चांगलं, तितकी कायद्याला इभ्रत जास्त. त्या पोराशी मी आजही भांडतो. त्याला म्हणतो, अरे, पण बोललेच नसते तर? तो म्हणतो, तर निदान कायदा नागडा दिसला असता. यावर माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. तरी तो बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही.

एक कायदा अडला का, हे विचारता ना? अडला. स्थानबद्धतेचा तो कायदा ३१ डिसेंबर १९६९ ला मुदत संपून मेला. पण खोटं कशाला सांगू, तो भाषणांनी मेला नाही. त्या वर्षी काँग्रेस फुटली होती, इंदिराबाईंचं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं, आणि मुदत वाढवण्याएवढी मतं जमणार नव्हती. १९७१ ची निवडणूक झाली, बहुमत आलं, आणि मे महिन्यात अध्यादेश, जुलैमध्ये मिसा, म्हणजे स्थानबद्धतेचाच नवा कायदा. नाथ पै जानेवारीतच गेले होते. लिमये निवडणुकीत पडले होते. मिसा झाला तेव्हा दोघंही सभागृहात नव्हते. पुढे बांक्याच्या पोटनिवडणुकीतून लिमये परत आले, आणीबाणीत त्याच मिसाखाली दीड वर्षाहून जास्त आत राहिले आणि लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली तेव्हा तुरुंगातूनच राजीनामा देऊन मोकळे झाले.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझा हेका तुम्हाला कळायचा नाही.

साल नव्वदीच्या सुरुवातीचं, दिवस शिमग्याचे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते मानपानाचं भांडण अजून मिटलेलं नाही. पालखी आधी कुठल्या वाडीत जायची यावरून दोन पार्ट्या. पोलिसांनी दोन्हीकडच्या माणसांवर १०७ चे चॅप्टर टाकले. चॅप्टर म्हणजे काही घडायच्या आधीच शांतता राखायची हमी मागणारी कारवाई, तुम्हाला सांगायला नको; आपल्याकडे अंगावर चॅप्टर पडल्याशिवाय कुणी पुढारी होत नाही. त्या यादीत एक चाकरमानी पोरगा होता. मुंबईत कुठल्याशा कारखान्यात हेल्पर, होळीपुरती रजा काढून आलेला. रात्री एसटीतून उतरला आणि सकाळी पोलिसांच्या जीपमध्ये बसला. भांडण झालं तेव्हा तो गावातच नव्हता. पण यादी मागच्या वर्षीची होती.

तहसीलदारांसमोर सगळ्यांना उभं केलं. कागद माझ्या हातात आले. छापील फॉर्म. 'सदर इसम हा भांडखोर व खुनशी प्रवृत्तीचा असून त्याचेकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा दाट संभव आहे.' मोकळ्या जागेत निळ्या शाईने नाव, वय, वाडी. 'प्रवृत्तीचा' हा शब्द छापतानाच चुकलेला, 'प्रवुत्तीचा', आणि तो सगळ्यांच्या कागदावर तसाच. जन्माचे वैरी असलेले दोन गट, पण सरकारदरबारी सगळ्यांची प्रवृत्ती एकच, आणि चुकलेलीसुद्धा सारखीच.

हुकूम असा की चौकशी संपेपर्यंत पाच हजारांचा अंतरिम बाँड आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट जामीनदार, नाहीतर आत. बाकीच्यांचे जामीनदार दुपारपर्यंत आले. या पोराचं अडलं. जामीनदाराला सातबारा लागतो. घरचा सातबारा चुलत्याच्या नावावर, आणि चुलता दुसऱ्या पार्टीत.

मी उभा राहिलो. सुप्रीम कोर्टाचा १९७० चा निकाल काढला, मधु लिमये विरुद्ध मुंगेरचे उपविभागीय दंडाधिकारी. १९६८ च्या नोव्हेंबरात लिमयांना त्याच मुंगेर जिल्ह्यात, लखीसराय स्टेशनवर पकडलं होतं. पहिल्या खेपेला ते सुटले, कारण अटकेची कारणं त्यांना सांगितलेली नव्हती आणि कोठडीचे हुकूम डोकं न लावता, ठोकळेबाज काढलेले आहेत असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी १०७ आणि १४४ ही कलमंच घटनाबाह्य ठरवा म्हणून मागणी केली. ती कोर्टाने फेटाळली. कलमं राहिली. पण एक गोष्ट पदरात पडली: माहिती खरी की खोटी याची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला अंतरिम बाँड मागता येणार नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत टाकता येणार नाही. इथे तर एक साक्षीदार तपासलेला नव्हता. हे सगळं मी सांगितलं, बऱ्यापैकी चढ्या आवाजात.

तहसीलदार माणूस वाईट नव्हता. मार्चअखेर होती, टेबलावर वसुलीच्या फायलींचा ढीग. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल वकीलसाहेब. लेखी द्या. शिमगा होऊन जाऊ दे, मग बघू."

शिमगा होऊन जाऊ दे! त्या पोराला आत ठेवण्याचं कारण तेवढंच होतं, आणि ते कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई उभी होती. आतलं निम्मं तिने दारातून ऐकलं होतं. म्हणाली, "वकीलानू, हे लिमये खंयचे? ते येतले काय?" मी म्हटलं, ते दिल्लीला असतात, आता थकलेत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मगे?"

मी सत्र न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे हुकूम तपासून घ्यायचा अर्ज, टाकली. सरकारी वकिलांनी पहिलीच हरकत घेतली की हा मधला हुकूम आहे, मधल्या हुकमावर रिव्हिजन चालत नाही. त्यावर उत्तर होतं १९७७ च्या निकालात. अंतिम नसलेला प्रत्येक हुकूम म्हणजे निव्वळ मधला हुकूम नव्हे, असं त्यात म्हटलंय. नाव: मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य. अंतुले राज्याचे कायदामंत्री असताना लिमयांनी त्यांच्यावर पत्रकार परिषदेत जे आरोप केले, त्यातून बदनामीचा खटला झाला, त्यातला हा निकाल. न्यायाधीशांनी मान वर केली. "परत लिमयेच का?" कोर्टात हशा झाला. मी नाही हसलो.

पोरगा सुटला. हुकूम माझ्या बाजूने, शब्दन्‌ शब्द. पण तो हातात पडेपर्यंत पालखी घरोघर फिरून देवळात गेली होती. त्याच्या घरी ती आली तेव्हा पुढे व्हायला घरातला पुरुष नव्हता. नारळ आईने दिला. रजा कधीच संपली होती. मुंबईला परतला तर त्याच्या जागी दुसरा लावलेला.

तर झालं काय, असं कुणी हसत विचारलं की मला हा पोरगा आठवतो, आणि तो कुणाच्या बाजूने साक्ष देतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिमये नसते तर तो सुटला नसता. लिमये होते तरी तो वेळेवर सुटला नाही.

लिमयांनी हे कोर्टात मिळवलं, सभागृहात नाही, असं माझे ज्युनिअर म्हणतात. असेल. पण पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना दिलेल्या मोकळ्या हाताबद्दल सभागृहात भांडणारा माणूसच लखीसरायला पकडला गेला, आणि वकील न लावता सुप्रीम कोर्टात स्वतःच बाजू मांडायला उभा राहिला. लोकसभेत ज्यांनी दुरुस्त्या नामंजूर केल्या त्यांना उत्तर द्यायचं बंधन नव्हतं. कोर्टात सरकारला द्यावं लागलं. मी ही दोन भाषणं वेगळी धरत नाही.

आणि एक गोष्ट मला कागदावर दाखवता येते. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ११७(३) म्हणायचं की चौकशी पूर्ण होईपर्यंत दंडाधिकारी बाँड मागू शकतो. १९७३ च्या नव्या संहितेत तेच ११६(३) झालं, आणि तिथे लिहिलं: चौकशी सुरू झाल्यानंतर आणि ती पूर्ण होण्यापूर्वी. शिवाय सहा महिन्यांत चौकशी संपली नाही, आणि दंडाधिकाऱ्याने खास कारण लेखी दिलं नाही, तर चॅप्टर आपोआप संपतं, हेही आलं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, १०७ चं १२६ झालं, ११६ चं १३५ झालं, पण 'सुरू झाल्यानंतर' तिथेही आहे. हे लोकसभेतल्या भाषणांनी आलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आलंय. तहसीलदार ते वाचतात का, हा निराळा प्रश्न. परवाच आलेला एक फॉर्म पाहिला, संगणकावर काढलेला. 'प्रवृत्ती' आता बरोबर लिहितात.

तुम्हाला टोचायचंच असेल तर मी त्याहून चांगली जागा दाखवतो. जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिच्या तिसऱ्या कलमाने स्थानबद्धतेला आळा बसणार होता: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने आत ठेवता येतं, त्याचे दोन महिने होणार होते, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमलं जाणार होतं. संसदेने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते कलम अमुक तारखेपासून लागू, एवढी अधिसूचना काढायची राहिली. मिसात राहून आलेल्या माणसांच्याच सरकारने १९७९ च्या जूनमध्ये बाकीची बहुतेक कलमं लागू केली आणि हे बाजूला ठेवलं. पुढच्या महिन्यात ते सरकार गेलं, कसं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे ए. के. रॉय, धनबादचे विरोधी खासदार, स्वतः राष्ट्रीय सुरक्षा कायद्याआधीच्या अध्यादेशाखाली आत टाकले गेले, तेव्हा हा मुद्दा सुप्रीम कोर्टात घेऊन गेले. सरकारला अधिसूचना काढायला आम्ही भाग पाडू शकत नाही, असं कोर्टाने डिसेंबर १९८१ मध्ये सांगितलं. त्यानंतर सगळ्या पक्षांची सरकारं दिल्लीत येऊन गेली. ते कलम अजून लागू नाही.

तेव्हा पुढच्या लग्नात भेटलो तर लिमयांच्या भाषणांनी काय झालं हे विचारू नका. ती अधिसूचना का निघाली नाही, हे विचारा. त्याचं उत्तर मला येत नाही, आणि ज्यांना यायला हवं होतं त्यातले बरेचसे माझे आवडते पुढारी होते.