तांबडा रस्सा मागवणार असाल तर स्ट्राँग नको

परमिट रूममध्ये टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न येतो, "माइल्ड की स्ट्राँग?" जेवणाचं नंतर बघू. मग तासाभराने त्याच बाटलीसमोर सुकं मटण आणि तांबडा रस्सा येऊन पडतो आणि दोन्हींची वाट लागते. खरं तर आधी काय खायचं ते ठरवावं, बिअर त्यावरून निवडावी.

आपल्याकडच्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि त्याच्या वर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. किंगफिशर प्रीमियम पावणेपाचच्या आसपास, हेवर्ड्स ५००० सातच्या. देशात खप मुख्यतः स्ट्राँगचाच आहे, कारण उघड आहे: त्याच ६५० मिलीत जास्त किक. किक हाच हेतू असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

तिखट म्हणजे खरं तर चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. अल्कोहोलही त्याच तंतूंना चाळवतं, खरचटल्यावर स्पिरिट लावलं की चुरचुरतं ते त्यामुळेच. म्हणजे तर्रीवर सात-आठ टक्क्यांची बिअर ओतली की जाळ विझत नाही, वाढतो. "कॅप्सेसिन दारूत विरघळतं, म्हणून बिअरने तिखट धुऊन जातं" हे वाक्य प्रत्येक टेबलावर एक जण तरी म्हणतोच. विरघळतं, पण त्यासाठी चांगलं कडक अल्कोहोल लागतं. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तिच्याने काही धुतलं जात नाही. वरून बुडबुड्यांची टोचणी आणि हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा, दोन्ही तिखटाला चढवतात. बिअर देते तो आराम थंडपणाचा, आणि तो काही सेकंदांचा. थोडा माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोडसरपणाचा.

म्हणून मिसळ, तांबडा रस्सा, ठेच्यातलं काहीही असेल तर माइल्ड लागर (किंगफिशरसारखी नेहमीची फिकट बिअर), चांगली गार, आणि घोट लहान. तांबड्यासोबत पांढरा रस्सा येतो त्याचा उपयोग करा: नारळाच्या दुधातलं स्निग्ध कॅप्सेसिनला उचलून नेतं, ते बिअरला जमत नाही. आधी पांढऱ्याचा घोट, मग बिअर. सावजीसोबत तर बिअर नकोच असं आमचं मत आहे. ती आधी संपवा, मग जेवा.

स्ट्राँग वाईटच असं नाही, तिची जागा वेगळी. मुर्ग मलई टिक्का, बटर चिकन, खारे काजू, चटणीशिवायचा बटाटवडा: जिथे स्निग्ध आणि मीठ भरपूर, मिरची नावाला, तिथे तिचा जडसर गोडवा शोभतो.

बिअरचं खरं सख्य तळलेल्या पदार्थांशी. बुडबुडे आणि हलका कडवटपणा जिभेवरचा तेलाचा थर मोडतात, मीठ कडवटपणा दबवतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कांदाभजी, कोथिंबीर वडी, कोळंबी कोळीवाडा, चणा कोळीवाडा, सगळे याच खात्यातले. मला विचाराल तर सगळ्यांत वर बोंबील फ्राय. फक्त बिअरसोबत करताना नेहमीच्या कृतीत थोडा बदल हवा.

सहा ताजे बोंबील घ्या. डोकं, शेपटी, पर काढून पोटाकडून उघडा, मधला काटा काढा. मीठ चोळून स्वच्छ कापडाच्या दोन घड्यांमध्ये पसरा आणि वर पोळपाट, त्यावर भरलेलं पातेलं ठेवून अर्धा तास दाबून ठेवा. बोंबलात पाणीच पाणी असतं. ही पायरी टाळली की ते पाणी तव्यावर सुटतं, मासा तळला न जाता वाफवला जातो आणि उलटताना तुकडे पडतात. मग अर्धा चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण वाटण, दोन चमचे कोकमाचं आगळ आणि एकच चमचा लाल तिखट. एरवी दोन घातलं असतं, इथे निम्मं. आगळ खारट असतं, म्हणून पुन्हा मीठ घालण्याआधी चाखून बघा. पंधरा मिनिटांनी अर्धी वाटी तांदळाचं पीठ आणि पाव वाटी बारीक रवा यांत घोळवा. तवा चांगला तापू द्या, तेल सढळ, आणि एकेका बाजूला तीन-चार मिनिटं न हलवता ठेवा. कडा सोनेरी दिसायच्या आत उलथनं घातलं तर आवरण तव्यालाच राहतं. एका वेळी तीनच टाका, गर्दी केली की तेल थंड होतं.

याच्यासोबत साधी माइल्ड लागर मस्त जाते. पण गव्हाची बेल्जियन पद्धतीची बिअर मिळाली तर ती घ्या. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, त्यामुळे लिंबू पिळायचं काम तीच करते. पापलेट, सुरमई, खोबऱ्याच्या रसातलं माशाचं कालवण यांनाही ही चालते. सोलकढी मात्र तिच्यासोबत एकाच वेळी नको. कोकमाचा आंबटपणा बिअरला पाणचट करून टाकतो. सोलकढी शेवटी, भाताबरोबर.

पुण्यात २००९ साली डुलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवून विकणारी जागा, सुरू झाली, मग पुणे, मुंबई, बेंगळुरूमध्ये अशा जागा वाढत गेल्या आणि निवडीला खऱ्या अर्थाने वाव आला. तिथे हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, बहुतेक असतेच. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, बाहेरून काही घातलेलं नसतं. लवंगेचा धागा गरम मसाल्याशी जुळतो, म्हणून खिमा-पाव, शामी कबाब, बिर्याणी यांच्याशी ती घ्यावी.

स्टाउट या काळ्या बिअरला आपल्याकडे उगाच घाबरतात. ती काळी दिसते म्हणून कडक असते असं नाही, बऱ्याच स्टाउट पाच टक्क्यांच्या आसपासच असतात. काळेपणा भाजलेल्या जवाचा. आपलं काळं वाटण कशाचं असतं? करपण्याच्या अलीकडेपर्यंत भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, दगडफूल, तीळ. दोन्हीकडे भाजण्याचीच चव. काळ्या मसाल्यातलं मटण, भरलं वांगं, खरपूस भाजलेलं थालीपीठ लोण्यासोबत: स्टाउट यांच्यासमोर ठेवून बघा, मिरची मध्यम ठेवून. भरल्या वांग्यात गूळ जरा जास्त असेल तर आणखी छान.

आणि आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे म्हणून आपल्या जेवणाला चालेल असं वाटतं, पण ती इंग्लंडहून इथल्या गोऱ्यांसाठी जहाजाने यायची, मसाल्याशी तिचा संबंध नाही. हॉप्स भरपूर, कडवटपणा भरपूर, म्हणजे तिखटाच्या आगीत तेल. तळलेलं चीज, कमी तिखटाचे सीख कबाब, साधे खारे दाणे, एवढ्यापुरतीच ठेवा.

जोडी नीट जमवूनही बिअर बिघडते ती वाढताना. लागर ४ ते ७ अंश, गव्हाची ६ ते ८, स्टाउट १० च्या आसपास. फ्रीजमधून काढलेली स्टाउट दहा मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर तिची निम्मी चव बाहेरच येत नाही. घाई असेल तर बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली बुडवा, वीस मिनिटांत गार होते. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण ते बाटलीला सगळीकडून भिडतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर शून्याच्या दोन-तीन अंश खाली बिअर गोठते आणि बाटली फुटते.

ग्लास तेलकट नको. फेस तेलाने मरतो. भजी खाऊन ओठ ग्लासाला लागले की फेस बसतो तो याच कारणाने, बिअर शिळी असते म्हणून नव्हे. शिळी ओळखायची ती तारखेवरून आणि ओल्या पुठ्ठ्यासारख्या चवीवरून. उन्हात ठेवलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला उग्र कुबट वास येतो, कारण उजेडात हॉप्समधली द्रव्यं मोडतात. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी वाचवते.

बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून "ग्लिसरीन काढायचा" प्रयोग मात्र कृपा करून बंद करा. खाली उतरताना दिसते ती जाडसर रेघ बिअरचीच असते. तिच्यात विरघळलेल्या शर्करा असल्याने ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली येते आणि तिच्या जागी पाणी वर जातं. थोडं ग्लिसरॉल यीस्टच आंबवताना तयार करतं, प्रत्येक बिअरमध्ये, आणि ते असं वेगळं निघत नाही. या प्रयोगातून मिळते ती पातळ केलेली बिअर.

६५० मिलीची बाटली एकट्याने घेतली तर उन्हाळ्यात शेवटचा तिसरा हिस्सा कोमट होतो. दोघांत एक घ्या, ग्लास लहान ठेवा, बाटली बर्फाच्या पाण्यात राहू द्या. टेबलावर एकाचं व्हेज कोल्हापुरी, दुसऱ्याचं सुरमई फ्राय आणि तिसऱ्याचं बटर चिकन असेल, तर फार डोकं न चालवता माइल्ड लागर सांगा.